किल्ली कुणाकडे

सोमवारी तिला कामावर रुजू व्हायचं होतं, आणि शुक्रवारी पाळणाघराला वाली उरला नव्हता.

पाळणाघर पालकांनीच मिळून चालवलेलं. पालकांमधलाच एक प्रमुख. सगळ्यांच्या आधी येऊन दार उघडायचं काम त्याचं. बहुमत फिरलं की प्रमुख बदलायचा. दंतवैद्यांच्या मुलाला दूध गार मिळालं, एवढ्यावरून बेकरीवाले काका प्रमुखपदावरून पडले. किल्ली टेबलावर आपटून ते कोपऱ्यात फुरंगटून बसले होते. पुढचं नाव कुणालाच पटत नव्हतं.

सभा बाळवर्गाच्या खुर्च्यांवर भरलेली, सगळ्यांचे गुडघे हनुवटीला. कडेवरच्या लेकीला थोपटत ती एकेकाचं तोंड बघत होती. सोमवारी दार उघडलंच नाही तर?

"अध्यक्षीय पद्धत आणा," वकीलसाहेब म्हणाले. "एकदा निवडला की वर्षभर हलवायचा नाही."

"आणि निवडलेलाच किडका निघाला तर?" दंतवैद्य उसळले. "वर्षभर ठणका सोसायचा? संसदीयच बरी. दुखला की उपटा!"

"उपटून उपटून तोंडाचं बोळकं झालंय, डॉक्टर!"

हसण्याने लेक दचकली. आईचा धीर सुटला. कॉलेजात शिकलेलं राज्यशास्त्र कधी नव्हे ते ओठांवर आलं.

"प्रमुखाला खुशाल पाडा. काही देशांत करतात तसं करू. पाडणाऱ्याने त्याच दमात पुढचं नाव सांगायचं, बहुमत मिळवायचं, आणि त्या माणसाने तिथल्या तिथे किल्ली उचलायची. तोवर जुनाच दार उघडेल."

"म्हणजे मी अजून आहे?" काका घाबरून म्हणाले.

काकांना पुन्हा पाडायला अर्धवट वर गेलेला दंतवैद्यांचा हात कान खाजवून खाली आला.

"मी नाव सुचवतो," वकीलसाहेब गोड हसले. "सुचवणारीचंच."

भराभर हात वर झाले. काकांनी तर दोन्ही केले.

आता नाही म्हणावं, तर आपलाच नियम पहिल्या पावलाला तोंडघशी. तिने किल्ली उचलली.

"मला कधी काढणार?"

"पुढचा मिळाला की!"

सोमवारी अंधुक उजेडात तिने दार उघडलं. सांभाळणाऱ्या मावशी आल्या, लेक त्यांच्या खांद्यावर विसावली. ती कामावर निघणार, तेवढ्यात दंतवैद्य पेला हातात घेऊन आडवे आले.

"अहो, दूध आजही गार आहे."

तिने किल्ली पुढे धरली.

दंतवैद्यांनी किल्लीकडे पाहिलं, मग दुधाकडे.

"गारच बरं," ते म्हणाले. "दातांना चांगलं असतं."