मिठाचं नाव

कय्यूमच्या लेकीचं नाव पहिल्या खेपेला बरोबर घेणारं माणूस लोणारात शोधूनही सापडलं नसतं. शाळेत गुरुजींनी तिची मलिका केली होती, रेशन दुकानदारानं मलिया, आणि शेजारची गोजरबाई तर सरळ ‘मालीबाई’ अशी हाक मारून मोकळी व्हायची. मोहल्ल्यात सना होत्या, सानिया होत्या, प्रत्येक गल्लीला एक आलिया होती. मलिहा मात्र एकटीच.

कय्यूमला त्याचं थोडं कौतुकच होतं. गाद्या-रजया भरायचं त्याचं दुकान बसस्टँडच्या मागं होतं. कापूस पिंजायचं मशीन चालू असताना कोणी गिऱ्हाइकानं लेकीचं नाव विचारलं, की तो मशीन बंद करायचा, तोंडावरचा रुमाल खाली ओढायचा आणि सांगायचा, “मलिहा. माह्या फुफीनं ठेवलं. अर्थ होते सुंदर.” यापुढचं त्यालाही काही ठाऊक नव्हतं.

मलिहाला या नावाचा राग होता. तिची आई हुस्नबानो उजळ, केतकी रंगाची. पोर उतरली बापावर, सावळी. शाळेतल्या मुलींनी मलिहाचं ‘मैली’ करायला किती वेळ लागणार? पुढं रक्त तपासायचं शिकून ती गावातल्याच एका लॅबमध्ये लागली, तेव्हा तिथल्या पोरांनी मोबाईलवर अर्थ शोधला. त्यात निघालं ‘खारट’. मग रोज डबा उघडला की कोणीतरी म्हणायचं, “मलिहा, भाजीत मीठ कमी हाय, जरा बोट फिरव ना.” ती हसून घ्यायची. घरी येऊन जेवायची नाही. हुस्नबानोला वाटायचं, कामाचा शीण असेल.

अशात मेहकरहून बिलालचा रिश्ता आला. पोरगा फ्रिज-कुलर दुरुस्तीचं काम करायचा, बोलायला सरळ, मान खाली घालून चहा पिणारा. मलिहाला तो आवडला आणि त्यालाही ती. सगळं जुळलं. उठता उठता बिलालच्या अम्मीनं विषय काढला.

“कय्यूमभाई, बाकी सगळं चांगलं हाय. फक्त हे नाव. जबानवर बसत नाही, अन् अर्थबी काहीतरी खाराखारा सांगतात. सून म्हणजे घरातला गोडवा. आम्ही तिले सना म्हणू. चालते ना?”

कय्यूम काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून मलिहाचाच आवाज आला.

“चालते.”

पाहुणे खूश होऊन गेले. हुस्नबानोनं हात उंचावून दुआ मागितली. कय्यूम दुकानात जाऊन बसला. दाभणात दोरा ओवला, पण टाका काही घातला नाही. गोष्ट तशी लहानच होती. नावं बदलतात, लोक बदलून घेतात. मग छातीत हे काय रुतून राह्यलं, ते त्याला उमगेना.

“लेकीचं घर वसून राह्यलं, अन् तुम्ही एका नावापायी तोंड पाडून बसले,” हुस्नबानो संध्याकाळी म्हणाली.

“मी काही म्हटलं का?”

“म्हणाना मग. पोटात ठेवता म्हणून तर भेव वाटते.”

कय्यूम म्हणाला, “जिनं नाव ठेवलं तिले तरी विचारा लागते. मंगनीचं आवतन द्यायले जायचंच हाय. मलिहालेबी नेतो.”

फुफी म्हणजे त्याच्या बापाची बहीण, जैतुनबी. ती पिंपळगाव राजाला राहायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. कय्यूमला तिनंच अंगाखांद्यावर वाढवलेलं. रविवारी बाप-लेक एसटीनं निघाले. मेहकरला गाडी बदलली, खामगावला पुन्हा बदलली. वाटेत मलिहा खिडकीबाहेर पाहत होती. एकदाच म्हणाली, “अब्बा, तुम्हाले राग आला का?”

“नाही बेटा.”

“मले नाही आवडत ते. लहानपणापासून नाही आवडत.”

कय्यूमनं तिच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत हे तिनं एकदाही सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

जैतुनबी ओट्यावर चिंच फोडत बसली होती. कान मंदावले होते, नजर मात्र शाबूत. पोरीला जवळ ओढून तिनं दोन्ही गालांवरून बोटं फिरवली आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा मोडली. चहा झाला, बिलालची चौकशी झाली. कय्यूमला मुद्द्याचं काढता येईना. शेवटी मलिहाच बोलली, फुफीला ऐकू जावं म्हणून जरा जोरात.

“फुफीदादी, सासरचे नाव बदलू म्हणतात. मी हो म्हटलं.”

जैतुनबीचे हात थांबले नाहीत. “काऊन? या नावाले काय झालं?”

“खारट अर्थ होते त्याचा.”

“बरोबर हाय,” जैतुनबी म्हणाली. “मीठच हाय ते.”

कय्यूम चमकला. “तू तर सुंदर म्हणून सांगतलं होतं.”

“तेबी खरं हाय. बस, सांगतो.” तिनं चिंचेची टोपली बाजूला सारली. “मी लहान होतो तवा मले कोणी जैतुन नाही म्हणे. काली म्हणत. घरातही, बाहेरही. मोहल्ल्यात एक उस्तानी होती, आम्हाले पढवत होती. एक दिवस मी रडत बसलो, तर तिनं जवळ घेतलं. म्हणे, पगली, देखणेपण दोन तऱ्हेचं असते. एक सबाहत, पहाटेसारखं, गोऱ्या माणसाचं. दुसरं मलाहत, सावळ्याचं. त्यात मिठाचा शब्द हाय. गोरं पाहिलं तर डोळे दिपतात, म्हणे, पण सावळ्याची चव राहते. तू मलिहा हाय.”

मलिहा ओट्यावर तिच्या जवळ सरकली.

“मनात होतं, आपल्याले पोरगी झाली तर हेच नाव ठेवू. अल्लाहनं नाही देली. मग तू झाली. बायका तुले पाहून च्-च् करून राह्यल्या होत्या. रंग दबला, रंग दबला. मी म्हटलं, आता हे नाव बाहेर काढा लागते.”

“मग मिठाचं काऊन नाही सांगतलं?” मलिहानं तिच्या कानाशी वाकून विचारलं.

“सांगतलं असतं तर तुह्या मायनं ठेवू देलं असतं का? भांडली असती, का पोरीले मीठ म्हणता म्हणून.” जैतुनबी हसली, तोंडात समोरचे दात नव्हते.

मलिहा ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मग एकदम म्हणाली, “लावण्य.”

“काय म्हणते?”

“आमच्या मराठीच्या बाईंनी शिकवलं होतं. लवण म्हणजे मीठ. लवणापासून लावण्य.”

कय्यूमनं ते जैतुनबीच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं. म्हातारीनं मान डोलावली. “म्हणजे मराठीतबी ही गोष्ट ठाऊक होती तर.”

निघताना तिनं चिंचेची पिशवी मलिहाच्या हाती दिली आणि म्हणाली, “बदलायचं असलं तर खुशाल बदल. नाव तुह्यं हाय. दुसरं आवडलं म्हणून बदल. रंगाची लाज वाटून बदलू नको, एवढंच.”

परतीच्या वाटेवर मलिहा चिंचेची पिशवी मांडीवर धरून बसली. घरी गेल्यावर तिनं आईला चिंच दिली, मंगनीचे कपडे इस्त्रीला टाकले, आणि सनाचं किंवा मलिहाचं नावच काढलं नाही. कय्यूमला वाटलं, ठरलं असेल ते ठरलं असेल.

मंगनी मोहल्ल्यातल्या शादीखान्यात होती. जैतुनबीच्यानं प्रवास झाला नाही, ती आली नाही. बिलालकडच्यांनी मेहकरहून केक आणला होता. वर गुलाबी अक्षरांत ‘बिलाल – सना’. सगळे गोळा झाले. बिलालच्या अम्मीनं अंगठीची डबी उघडली आणि हाक मारली, “सना, ये बेटी.”

मलिहा समोरच बसली होती. उठली, चार पावलं पुढं आली, आणि हळू आवाजात म्हणाली, “अम्मी, माहं नाव मलिहाच राहू द्या.”

हुस्नबानोनं मागून तिचा दुपट्टा ओढला.

“तूच तर हो म्हटलं होतं,” बिलालची अम्मी म्हणाली.

“हाव, म्हटलं होतं. तवा मले त्याचा अर्थ पुरा माहीत नव्हता. चूक माहीच हाय.”

मागं कोणीतरी हसलं. बिलालच्या अम्मीचा चेहरा लाल झाला. “घरात आलेल्या पोरीचं नाव घर ठेवते. आमच्याकडे तसंच हाय. माहंबी बदललं होतं. मी काही बोललो का?”

मलिहानं विचारलं, “काय होतं तुमचं?”

ती काही उलट उत्तर म्हणून विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं. बिलालच्या अम्मीनं डबी मिटली, पुन्हा उघडली.

“रज्जब,” ती म्हणाली. “रज्जबच्या महिन्यात झालो म्हणून. सासूनं म्हटलं, हे तर बाप्या माणसाचं नाव वाटते. शबाना केलं.”

बिलाल आपल्या आईकडं पाहत राहिला. “अम्मी, हे तर मलेबी माहीत नाही.”

“कोणाले माहीत असणार? माय गेली, भाऊ गेला. म्हणणारं कोणी राह्यलंच नाही.”

कय्यूम कधी चारचौघांत पुढं होऊन बोलणारा माणूस नव्हता. पण तो उठला, तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“रज्जबआपा,” तो म्हणाला, “पोरायले अंगठ्या घालू द्या. बाकीचं आपण नंतर पाहू.”

तिनं वर पाहिलं. डोळे भरून आले होते, ते तिनं पदरानं पुसले नाहीत. अंगठी काढून बिलालच्या हातात दिली. बिलालनं प्लॅस्टिकच्या सुरीनं केकवरचं ‘सना’ खरवडलं. उरलेल्या क्रीममध्ये दुसरं नाव लिहायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही, आणि सगळे हसले. मग केक कापला.

लग्नानंतर सगळं एका दिवसात सुरळीत झालं, असं नाही. सासू सना म्हणेना, पण मलिहाही म्हणेना. कितीतरी महिने तिनं ‘बेटी’वरच भागवलं. कधी रुसवा, कधी अबोला, चार घरांत असतं तसं. कय्यूम मात्र मेहकरला गेला की दारातूनच “रज्जबआपा, हाय का घरात?” म्हणून हाक द्यायचा, आणि ती हातातलं काम टाकून बाहेर यायची.

पुढच्या थंडीत बिलालची बहीण बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. कय्यूम बाळासाठी छोटी रजई घेऊन गेला, तेव्हा घरात नावाचीच चर्चा चालली होती. बहिणीला ‘मलिहा’च पाहिजे होतं. “भाभीचं नाव लय आवडते मले,” ती म्हणत होती. सासू आतून येत म्हणाली, “एका घरात दोन दोन मलिहा कशा चालतील?” हे नाव तिनं इतक्या सहज घेतलं, की घेतल्याचं तिचं तिलाही कळलं नसावं.

“मग भाभी, तुम्हीच सांगा दुसरं,” बहीण म्हणाली.

मलिहानं बाळाला रजईत गुंडाळून मांडीवर घेतलं. बाळ डोळे मिटून मुठी चोखत होतं.

“इतक्या लवकर नाही सांगता येत,” ती म्हणाली. “दोन-चार दिवस माह्यापाशी राहू द्या. पाहतो, मग सांगतो.”