दोन थर आणि अर्धी पायरी

मित्रांनो, त्या दिवशी प्रयोगशाळेत बापलेकीचं नेहमीसारखंच भांडण चाललं होतं.

"बाबा, आलेखातली ती पायरी नाही. यंत्रांचा नुसता गोंगाट आहे."

"गोंगाट रोज एकाच जागी येऊन बसतो का गं? त्याने काय तिथे खोली भाड्याने घेतलीय?"

"चुंबक उलटा करून बघा, विरघळेल ती."

"उद्या बघू. एक तार सैल झालीय. चल, भूक लागली."

त्याच रात्री बाबा झोपेतच गेले.

मी त्यांचा एक जुना नमुना आहे, ग्राफीनच्या दोन थरांचा. पेन्सिलीत असतं त्या ग्रॅफाइटचे पापुद्रे बाबा चिकटपट्टीने सोलत राहिले, तेव्हा कुठे दोन अणूंच्या जाडीचा मी हाती लागलो. मला तारा जोडून ते कडाक्याच्या थंडीत, मोठ्या चुंबकाच्या पोटात ठेवत. तिथे माझ्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांचा अंदाज घेत एका तालात वागू लागतात, आणि विजेच्या रोधाचा आलेख जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. पाहुणे येऊन माझं कौतुक करत. पण दोन पायऱ्यांच्या मधोमध बाबांना आणखी एक अर्धी पायरी दिसली होती. ती मात्र कुणालाच पटेना.

बाबा गेल्यावर मी डबीत पडून राहिलो. प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले, "आता जुना झाला तो. नवा लावू या."

"आधी हा," लेक म्हणाली. "मग हवं तर टाकून द्या."

मित्रांनो, आमची जात फार नाजूक. शेजारी उभं राहून कुणीतरी स्वेटर काढला, तेवढ्या ठिणगीने माझं एक भावंड जळून गेलं. लेकीने स्वेटर दाराबाहेरच उतरवला, अंगातली वीज जमिनीत उतरावी म्हणून मनगटाला तार बांधली आणि श्वास रोखून माझी सैल तार जोडली. आम्हाला एवढं जपलंत, तर आम्ही म्हातारपणीही कामाला येतो.

थंडी हवी तेवढी झाल्यावर तिने चुंबकाची दिशा उलटी केली. आलेखही उलटा, खाली उतरू लागला. दोन पायऱ्यांच्या मधोमध, अर्ध्यावर आला आणि सपाट झाला. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तिथेच, तसाच सपाट.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. थंडी राखणारा पंप धडधडत होता. त्याच्यावर आवाज चढवून ती म्हणाली,

"आहे, बाबा! पायरी आहे! आणि ऐका, मी इथे नोकरी धरली ती काही पायऱ्यांसाठी नाही. तुमच्याशी रोज भांडता यावं म्हणून."