खारेवाडीचं निर्व्यसनी स्थळ

बद्रीनाथ तुपे ह्या माणसाला आयुष्यात एक खून हवा होता. करायला नव्हे, उलगडायला. औरंगपुऱ्यात वह्या-कंपासपेट्यांच्या दुकानावर त्याची एक खोली होती आणि दारावर ‘गरुडनेत्र डिटेक्टिव्ह’ अशी पाटी. पाटीवरच्या गरुडाला रंगाऱ्यानं पोपटाची चोच काढून ठेवली होती, आणि धंद्याकडं पाहता ती चूक म्हणवत नव्हती. कारण ह्या गरुडानं आजवर टिपलं काय, तर अमका मुलगा चोरून गुटखा खातो, तमका पुण्याला कंपनीत आहे म्हणतो पण कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आहे, आणि तिसऱ्याचं एक लग्न आधीच झालेलं आहे. लग्नाआधीची चौकशी, दुसरं काय. शेजाऱ्याला विचारायचं, पानटपरीवाल्याला विचारायचं आणि मुलीच्या बापाला कळवायचं.

बद्रीनाथ स्वतःला मात्र ह्या कामापेक्षा बराच वरचा समजत असे. त्याच्या डोक्यात एक दिवाणखाना कायमचा थाटलेला होता. तिथं सगळे संशयित खुर्च्यांवर बसलेत, हा पाठीमागं हात बांधून येरझाऱ्या घालतोय, आणि शेवटी ह्याचं बोट ज्याच्याकडं वळतं त्याचा चेहरा पांढराफटक पडतो. आरशासमोर उभं राहून त्यानं ते बोट इतक्या वेळा वळवलं होतं, की बायकोनं त्याला एकदा हाडांच्या डॉक्टरचा पत्ता दिला.

अशा माणसाकडं एके दिवशी चतुराबाई आल्या. करमाडच्या पुढं खारेवाडी आहे, तिथल्या काकासाहेब भवरांच्या ह्या विधवा. जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा काकासाहेबांनी बंगला बांधला. मूलबाळ नव्हतं, म्हणून मेलेल्या भावाचा मुलगा शिवम, त्यालाच घरात वाढवलं. मध्यंतरी बाई मोतीबिंदू काढायला उस्मानपुऱ्यात बहिणीकडं राहिल्या, आणि तेवढ्यात एका सकाळी काकासाहेब बाहेरच्या जिन्यापाशी मेलेले सापडले. पाय घसरून पडले, असं शिवम म्हणाला, हवालदारानं तसंच लिहून घेतलं आणि गाव राख सावडून मोकळं झालं.

बाईंचं म्हणणं साधं होतं. मालकांचे गुडघे गेलेले. बंगला बांधल्यापासून त्यांनी वरचा मजला पाहिलासुद्धा नव्हता. जो माणूस जिना चढतच नाही तो जिन्यावरून पडेल कसा?

बद्रीनाथच्या अंगावर काटा आला आणि खरं सांगायचं तर तो आनंदाचा होता. त्यानं चेहरा जमेल तितका गंभीर केला आणि संशय कुणावर, असं विचारलं. बाई पदराचं टोक चोळू लागल्या.

“नाव घ्यायला जीभ रेटत नाय, साहेब. घास भरवून मोठं केलेलं लेकरू हाय ते. पण आता घर सगळं त्याच्या हाती गेलंय. चहा तोच करून देतो, झोपताना दूध तोच आणून देतो. मला दुसरं घर नाय. त्याच्या हातचं खाऊ का नको, येवढंच मला सांगा.”

म्हातारी जीव मुठीत धरून विचारत होती. बद्रीनाथला ते ऐकू आलं, पण मनावर घ्यायला त्याला सवड नव्हती. तो मनातल्या मनात खुर्च्या मांडायला लागला होता.

धंद्याचा पहिला नियम गुप्तता. तेव्हा खून हा शब्द तोंडातून काढायचा नाही, असं ठरवून तो कोट घालून, काळा चष्मा लावून स्कूटरवर खारेवाडीला गेला आणि पारावरच्या मंडळींना विचारू लागला. शिवम भवर कसा मुलगा आहे? स्वभाव कसा? काही व्यसन? घरात कुणाशी वाजतं का? वर्षानुवर्षं तोंडात बसलेले प्रश्न, दुसरे आणणार कुठून?

आता शहरातून कोटवाला परका माणूस येतो आणि बिनलग्नाच्या पोराची अशी चौकशी करतो, ह्याचा अर्थ खारेवाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. मुलीकडचा माणूस. गावात तिशी ओलांडलेली पोरं ढिगानं पडून होती. शेती आहे तर नोकरी नाही, बंगला आहे तर तो खेड्यात आहे. गावात शेवटची सून कधी आली हे आठवायला म्हाताऱ्यांना डोकं खाजवावं लागे. त्यात भवरांच्या घरात मयत झालेली. मयत झाली की घरातलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही रीत. तेव्हा काकासाहेब गेले आणि लगोलग स्थळ चालून आलं, ह्यात कुणाला काही वावगं वाटलंच नाही. उलट म्हातारा जाता जाता पोराचं भलं करून गेला, असं बायका म्हणाल्या.

शंभर खोटं बोलावं पण एक लग्न जमवावं, असं आपल्याकडं म्हणतात. खारेवाडी त्या पुण्यावर तुटून पडली. माजी सरपंच सर्जेरावानं शिवमला सुपारीचंसुद्धा व्यसन नसल्याचं शपथेवर सांगितलं, तेव्हा शिवमची गुटख्याची पिचकारी सर्जेरावाच्याच ओट्यावर वाळत होती. बंगल्यात झाडलोट करणारी भागूबाई म्हणाली, पोरगं मुंगीला वाट देऊन चालतं. एवढं सांगून तिनं आपल्या मुलाचं, कडुबाचं, शिक्षण आणि उंचीही कानावर घातली. ती कशाला, हे बद्रीनाथनं विचारलं नाही. त्याच्या धंद्यात लोक उंची सांगतातच. तो चहावर चहा पीत गेला. खेड्यातली माणसं भोळी आणि खरी असतात, असं त्याचं औरंगपुऱ्यात बसून झालेलं मत होतं, ते आणखी पक्कं झालं.

मिठाचा खडा टाकला तो एकट्या दाऊदनं. बंगल्यासमोर, रस्त्यापलीकडं, त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं शेड होतं आणि काकासाहेब दुपारचे तिथं येऊन बसत. प्रश्न ऐकून तो आधी नुसताच फडक्याला हात पुसत राहिला. मग रस्त्यावर कुणी नाही असं बघून म्हणाला, “साहेब, हितनंच माघारी फिरा. लई हात उचलतं ते पोरगं. काकासाहेबांवरसुदिक उचलला.”

बद्रीनाथनं कान टवकारले, पण भलत्याच बाजूला. जो स्थळाबद्दल वाईट बोलतो त्याचंच काहीतरी अडकलेलं असतं, हा त्याचा धंद्यातला मंत्र. त्यानं दाऊदचीच चौकशी सुरू केली. काकासाहेबांनी त्याला शेड मागं सरकवायला सांगितलं होतं, एवढं सर्जेरावाकडून कळलं आणि बद्रीनाथला स्वर्ग दोन बोटं उरला. सगळं गाव एका तोंडानं बोलतंय, एकटा माणूस उलट बोलतोय, आणि त्या माणसाला कारणही आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. संन्याशानं तोंड उघडलं एवढाच त्याचा गुन्हा. त्याच दिवशी ह्या शहाण्यानं चतुराबाईंना फोन करून सांगून टाकलं, की मुलगा निर्व्यसनी आहे, शांत आहे, तुम्ही निर्धास्त दूध प्या. असल्या माणसाच्या पाटीवर पोपट काढणाऱ्या रंगाऱ्याचे हात धरावेत, पाय धरावेत, काय धरावं ते धरावं.

रविवारी दिवाणखाना भरला. बंगल्यात सगळ्यांना जमवा, मी काय ते जाहीर करतो, असा निरोप बद्रीनाथनं सर्जेरावाकडं पाठवला होता. गावानं त्याचा अर्थ लावला, पसंती आली. सर्जेराव कडक इस्त्रीत आला. भागूबाईनं ठेवणीतलं लुगडं काढलं आणि पातेलंभर पोहे केले. शिवमनं दाढी गुळगुळीत केली, नवा शर्ट घातला. एका ताटात टॉवेल, टोपी आणि नारळसुद्धा मांडलेला होता. दाऊदलाही बोलावणं होतं, तो दाराजवळच्या खुर्चीवर टेकला. चतुराबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. न्यायाच्या कामाला लोक इतके नटून आलेले पाहून बद्रीनाथचा ऊर भरून आला. सगळे मधूनमधून खिडकीतून रस्त्याकडं का बघतात, हे मात्र त्याला कळेना.

त्यानं पाठीमागं हात बांधले. येरझाऱ्या घातल्या. काकासाहेब पडले नाहीत, त्यांना पाडलं, आणि पाडणारा ह्याच खोलीत आहे, असं म्हणून त्यानं आयुष्यभर जपलेलं बोट दाऊदकडं वळवलं.

चेहरा पांढराफटक पडला तो शिवमचा. पण बद्रीनाथ बोटाकडं बघत होता.

पोहे चावण्याचा आवाज थांबला. सर्जेरावानं बिचकत विचारलं, मग मुलगी कधी येणार? बद्रीनाथनं विचारलं, कुठली मुलगी? दोघं एकमेकांकडं बघत राहिले आणि हळूहळू सगळ्या खोलीच्या डोक्यात उजेड पडला. सगळ्यात शेवटी तो बद्रीनाथच्या डोक्यात पडला. बोट अजून तसंच वर होतं आणि ते आता कुठं ठेवावं, हे त्याला सुचत नव्हतं.

दाऊद उठला. त्यानं आवाज चढवला नाही.

“मला वाटलं तुम्ही लग्नासाठी विचारायला आले. कुणाची तरी लेक हितं येऊन मार खाईल म्हणून बोललो, नायतर गावाशी वाकडं घ्यायची मला काय गरज व्हती? त्या दिवशी दिवेलागणीला काकासाहेबांचा आवाज आला म्हणून पळत आलो. पायरीपाशी पडलेले, डोक्यातनं रगत. मी म्हणलं गाडी काढतो, तर यानं फाटक लावून घेतलं, म्हणला मी नेतो दवाखान्यात. सकाळी मयत. हवालदाराला सांगितलं, तर त्यानं मलाच विचारलं, तू तिथं काय करत व्हता. वहिनी, तुमच्याकडं आलो तर यानं आत येऊ दिलं नाय.”

चतुराबाईंनी शिवमकडं पाहिलं. शिवम नारळाच्या ताटाकडं बघत होता. तेवढ्यात भागूबाईनं हातातली बशी खाली ठेवली आणि रडायलाच लागली. पायरीवरचं रक्त सकाळी तिनंच धुतलं होतं. शिवमनं सांगितलं, हवालदार यायच्या आत धू, तर तिनं धुतलं. मला का नाही सांगितलंस, असं बाईंनी विचारलं.

“पोराचं लगीन व्हायचं व्हतं ना, बाई. एका घरात सून आली की गावात वाट पडती. माझा कडुबा तसाच बसलाय.”

मग शिवमलाही कंठ फुटला. घर नावावर नाही म्हणून मुली नको म्हणतात. घर नावावर करा म्हटलं, तर काका म्हणाले आधी दारू सोड. त्यावरून बोलाचाली झाली, एक धक्का बसला, काका मागच्या मागं पायरीवर गेले. एवढंच झालं, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

“आन् रातभर?” चतुराबाईंनी विचारलं. “रातभर तू काय करत व्हता?”

शिवमनं नारळाचं ताट बाजूला सरकवलं.

उत्तर आलं ते सर्जेरावाकडून, आणि तो आधी उठून दार लोटून आला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो म्हणाला. गेलेला माणूस काही परत येत नाही. ही गोष्ट बाहेर फुटली तर खारेवाडीत पोरगी द्यायचं नाव कुणी घेणार नाही, एका पोरापायी सगळी पोरं बसून राहतील. तेव्हा घरातलं घरात ठेवावं आणि साहेबांनीही पाय घसरला असंच समजावं. खोलीतली मुंडकी एकामागून एक हलली. ज्या तोंडांनी शिवमला मुंगीला वाट द्यायला लावली होती तीच तोंडं आता काकासाहेबांना जिन्यावरून घसरवायला तयार झाली. बद्रीनाथनं कुणाकडं तरी आधारासाठी पाहावं म्हणून चतुराबाईंकडं पाहिलं, आणि पाहायला नको होतं असं त्याला झालं.

“तुम्ही सांगितलं म्हणून त्याच दिवसापासनं मी बिनघोर दूध पीत व्हते, साहेब,” बाई म्हणाल्या.

बद्रीनाथची मान खाली गेली. त्याला खरोखर लाज वाटली, आणि ती वाटायला हवीच होती.

शिवमनं सवयीनं तांब्यातून पेला भरला आणि त्यांच्यापुढं धरला. मोठी आई, पाणी घे, म्हणाला. बाईंनी पेल्याकडं पाहिलं, शिवमच्या तोंडाकडं पाहिलं. मग भिंतीला हात टेकून त्या उठल्या आणि सर्जेरावानं लोटलेलं दार त्यांनी सताड उघडलं.

“दाऊद, पोलिसांना फोन लाव. हवालदाराला नको, वरच्याला लाव. आन् अनवरीला म्हणावं, माझी भाकर टाक.”

अनवरी म्हणजे दाऊदची बायको. शेडच्या मागंच त्यांचं घर. त्या घरचं पाणीसुद्धा चतुराबाईंनी आजवर घेतलं नव्हतं. मालक शेडवर बसून चहा पितात, एवढ्यावरून त्यांनी घरात कितीदा तोंड फिरवलं होतं, ते दाऊदलाही ठाऊक होतं. तो फोन कानाला लावून पुढं चालू लागला आणि बाई त्याच्यामागून निघाल्या. मागं बद्रीनाथ निघाला, पण फाटकापाशी थांबला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

अनवरीनं शेडबाहेरची खाट झटकून दिली, ताटात भाकर, पिठलं आणि कांदा ठेवला. समोर बंगल्याच्या खिडक्यांत सगळी खारेवाडी नव्या कपड्यांत उभी राहून बघत होती, आणि चतुराबाई रस्त्याकडं तोंड करून जेवायला बसल्या.