झाकणातली रबरी चकती

बदनापूरजवळच्या त्या रोपवाटिकेत हिरवळीचे तुकडे कापून विकत. ती हिरवळ कापायचं मशीन अकरा वर्षं तातेरावच्याच हातात होतं. मशीनच्या टाकीचं झाकण ढिलं झालं आणि पेट्रोलचे थेंब तापल्या इंजिनावर उडू लागले, तेव्हा बीएस्सी होऊन नुकतीच तिथं देखरेखीला लागलेली रूपाली पुढं सरसावली. सायकलच्या फाटक्या ट्यूबमधून तिनं एक गोल चकती कापली आणि झाकणाच्या आत बसवली. झाकण घट्ट बसलं. थेंब थांबले.

"शिकलेल्याचा हात लागला की असं होतंय बघा!" मालक कारभारीशेठ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मशीन दर पंधरा मिनिटांनी बंद पडायला लागलं.

"तातेराव, पेट्रोलात काय मिसळून राह्यला का तू?" शेठनं चारचौघांत विचारलं.

"आईची आण, शेठ. बिलकुल न्हाई."

"मंग रोज चालणारं मशीन आजच कसं काय मरायलंय?"

तातेरावनं मशीन सुरू करायची दोरी परत ओढली. दुपारी पेट्रोल भरायला त्यानं झाकण फिरवलं, तेव्हा टाकीतून 'सूं' असा बारीक आवाज आला. हवा आत ओढली गेल्याचा. शेजारी उभ्या असलेल्या रूपालीनं त्याच्या हातातलं झाकण पाहिलं आणि तिला उमगलं. झाकणाला टाचणीएवढं भोक होतं. जेवढं पेट्रोल इंजिनात जाई, तेवढी हवा त्या भोकातून टाकीत येई. तिच्या अखंड चकतीनं ते भोक बुजवलं होतं. हवा येईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. शाळेत शिकलेलं साधं शास्त्र.

संध्याकाळी सांगू, असं तिनं ठरवलं. संध्याकाळी शेठ फोनवर बोलत होते. फोन संपला तेव्हा ती गेटाबाहेर पडली होती, आणि ती मुद्दामच लवकर निघाली होती.

सकाळी शेठनं मशीन दुसऱ्या गड्याला, आदिनाथला दिलं आणि तातेरावला शेणखताच्या पाट्या वाहायला लावलं. आता बोलायचं कशाला, गुपचूप दुरुस्तच करून टाकू, असं रूपालीला वाटलं. पेट्रोल भरायच्या निमित्तानं तिनं मशीन शेडमध्ये नेलं, ब्लेडनं चकतीचा मधला भाग कापून तिची बांगडी केली आणि झाकण परत लावलं. दोन मिनिटांचं काम.

आदिनाथनं मशीन सुरू केलं. पाऊण तास झाला, एकदाही बंद पडलं नाही.

"बघितलं का?" डोक्यावर पाटी घेऊन चाललेल्या तातेरावला शेठनं अडवलं. "मशीन बराबर हाय. तूच काहीतरी करत होतास."

"तात्या, मशीनला तुमचा कंटाळा आल्ता वाटतं!" आदिनाथ ओरडला. खुरपणाऱ्या बाया खो खो हसल्या.

रूपालीचे कान तापले. चूक पुसताना तिनं तातेरावचा पुरावाच पुसून टाकला होता.

"शेठ, त्यांनी काही केलं नाही. मी केलं." तिनं खिशातून रबराचा कापलेला तुकडा काढला आणि भोकाचं, हवेचं, सगळं सांगितलं. आजच्या सकाळचंही.

शेठ हसले. "एवढंच ना? असू द्या मॅडम, शिकताना होतंय असं." मग मान वळवून म्हणाले, "धर रे तातेराव मशीन."

इतकी स्वस्त माफी तिला नको होती.

तातेरावनं पाटी खाली ठेवली, हात धोतराला पुसले. "ताई, तुम्हाला हे कवा कळालं?"

"काल दुपारी, मामा."

"काल दुपारी." त्यानं मान हलवली. "अन् मी रात्री बायकोला सांगत बसल्तो, आता वय झालं, माझ्याच हाताचं काहीतरी बिघडलंय म्हणून."

तो मशीनजवळ गेला. झाकण काढलं, आतली रबराची बांगडी बोटानं चाचपली, भोकाकडं डोळा बारीक करून बघितलं आणि झाकण परत लावलं.

"याच्यापुढं ह्याला हात लावायचा तर मला सांगून लावा," तो तिच्याकडं न बघता म्हणाला.

ती "हो" म्हणाली, पण तोवर त्यानं दोरी ओढली होती.