चुकेल त्याचा भुट्टा

माझी जीभ तिखट आहे हे अख्ख्या धार गावाला ठाऊक आहे, म्हणून गोड बोलून सुरुवात करत नाही. त्या श्रावणात आम्ही सगळे मांडवच्या गडावर हवा खायला गेलो होतो, असं माझे दोघे भाऊ अजून सांगतात. हवा खायला! आम्ही एक पोर देऊन टाकायला गेलो होतो.

थोरला भाऊ मोरोपंत देवास दरबारच्या चाकरीत. वडिलांचं इनामाचं गाव त्याच्या नावावर, आणि घरात पाळणा रिकामा. रुक्मिणीवहिनींची होती नव्हती ती बाळं तान्हेपणीच गेली. धाकटा कृष्णराव धारेत, त्याला तीन मुलगे. नवरा गेल्यापासून मी त्याच्याकडेच राहते. वारस नसेल तर इनाम सरकारजमा होणार, म्हणून कृष्णरावानं दादाला शब्द दिला, की मधला बापू तुम्हाला दत्तक. थोरला मुलगा देत नाहीत, धाकटा अंगावर पीत होता, आणि बापूची मुंज व्हायची होती. सगळं शास्त्रात बसलं. बापूच्या आईला, इंदूला, कुणी विचारलं नाही. सांगितलं.

तिचा विचार केला तो फक्त रुक्मिणीवहिनींनी, आणि तोही आम्हा सगळ्यांदेखत. “माझी एक अट आहे,” त्या म्हणाल्या. “पोर रडत यायचं नाही. आईला धरून रडलं, तर मी आल्या पावली परत पाठवीन. दुसरीचं ओरबाडून मला काही नको.”

त्यावर मोरोपंतानं तोड काढली. श्रावणात दोन्ही घरांनी मांडवला एकत्र राहावं, पोराला काकूची सवय होऊ द्यावी, मग ते हसतहसत देवासच्या बैलांच्या दमणीत बसेल. विधी कार्तिकात, तुळशीचं लग्न लागल्यावर.

मला तर अट ऐकून मनातल्या मनात उकळ्या फुटल्या होत्या. सहा वर्षांच्या पोराला रडवायला असं काय लागतं? निघायच्या वेळी आईनं नुसतं पोटाशी धरलं की झालं. इंदू काही दूधखुळी नव्हती. ती बरोबर वेळ साधेल, अशी माझी खात्री होती.

मांडवला आम्हाला तलावाकाठच्या जुन्या बंगलीच्या खोल्या मिळाल्या होत्या. खिडकी उघडी राहिली की ढग आत येऊन अंथरुणं ओली करून जायचे. पुरुषमंडळी सकाळपासून सोंगट्यांचा पट मांडून बसत आणि कणकेच्या बाफल्यांवर तूप कमी पडलं तेवढं सांगायला उठत. पोरं खुरासानी चिंचेच्या त्या पिंपाएवढ्या बुंध्यांभोवती शिवाशिवी खेळत. दुपारी ओसरीवर शेगडी पेटवून मक्याचे भुट्टे भाजायचे, मीठ-लिंबू चोळायचं आणि समोरच्या पडक्या महालावर पाऊस बघत खायचे. कुणी परक्यानं पाहिलं असतं तर म्हटलं असतं, काय सुखी कुटुंब आहे!

तिथेच एका दुपारी, रुक्मिणीवहिनी शेजारी बसलेल्या असताना, इंदूनं खेळ काढला.

“बापू,” भुट्टा फिरवत ती म्हणाली, “आपण एक गंमत करू या. आजपासून मी तुझी काकू आणि ह्या तुझी आई. जो चुकेल त्याचा भुट्टा दुसऱ्याचा.”

बापूला भुट्टा म्हणजे जीव की प्राण. “तू चुकलीस तर तुझा पण माझा?”

“माझा पण तुझा.”

पहिल्या दिवशी पोरगं सारखं चुकलं आणि भुट्टे गमावून बसलं. दुसऱ्या दिवशी ते सावध झालं. ‘आ’ म्हणायला तोंड उघडायचं, थांबायचं, डोळे मिचकावून ‘काकू’ म्हणायचं. मग इंदूच मुद्दाम चुकायची. “ये, आईकडे ये,” म्हणायची, आणि तो टाळ्या पिटायचा, “हारी! तू हारी! काकू, भुट्टा दे!”

रुक्मिणीवहिनी त्याला घास भरवायच्या आणि स्वतः जेवायचं विसरायच्या. त्यांच्यावर रागवावं म्हटलं तर तेही मला जमेना.

इंदूवर मात्र मी रागावले. स्वयंपाकाच्या खोलीत गाठलं तिला आणि म्हटलं, “काय गं, जीभ झडत नाही तुझी? देवानं आयती वाट दिली, तर तूच काटे घालतेस तिच्यात?”

तिनं मांडीवरच्या धाकट्याला दुसऱ्या बाजूला घेतलं. “वन्सं, बापू रडून आपल्याकडेच राहिला तर हा जाईल. इकडून शब्द दिलाय, तो मागे यायचा नाही. ह्याला काही कळत नाही, हा तर रडायचाही नाही. मग दोघांतला कोणता देऊ, तुम्ही सांगा.”

मी धाकट्याच्या पायांवर पदर ओढला.

“जायचंच आहे तर हसत जाऊ दे,” ती म्हणाली. “रडायला मी आहे की.”

देवासची दमणी आमच्या आधी निघायची होती. पाऊस ओसरला तसा निघायची घाई करत गाडीवान ओरडला, “बासाब, पाणी थमी ग्यो, अबे चालो!” बापूला वहिनींच्या शेजारी बसवलं. त्याच्या हातात भाजलेला भुट्टा होता, आणि देवासला काकांकडे तट्टू आहे या आनंदात तो होता. खेळ कधी संपणार, असं त्यानं आदल्या दिवशी विचारलं होतं. “तुळशीचं लग्न लागलं की संपला,” इंदूनं सांगितलं होतं. आम्हीही मागून येणारच आहोत, असा त्याचा समज होता आणि तो कुणी मोडला नव्हता.

बैलांनी पाय उचलला. बापूनं मागे पाहिलं. आई खालीच उभी राहिलेली त्याला दिसली आणि त्याचा चेहरा बदलला.

“आई!”

वहिनींनी गाडी थांबवली. त्या इंदूकडे बघत राहिल्या. कृष्णराव खाली बघू लागला. मी मनात म्हटलं, जा गं बाई, जा, धर त्याला, पुढचं पुढे बघू.

इंदू जागची हलली नाही. हसून, अगदी मोठ्यानं म्हणाली, “चुकलास! दे भुट्टा!”

पोराचे ओठ थरथरायला लागले होते. पण खेळ म्हणजे खेळ. त्यानं भुट्टा पाठीमागे लपवला, वहिनींचा पदर धरला आणि ओरडला, “नाही चुकलो! मी ह्या आईला बोललो! काकू, तूच हारी!”

सगळे हसले. गाडी हलली. धुक्यात ती दिसेनाशी होईपर्यंत इंदू हसत उभी होती, आणि मग चिखलातच मटकन खाली बसली.

तुळशीचं लग्न लागल्यावर आम्ही देवासला गेलो. बापूला नवी जरीची टोपी होती, अंगानंही तो भरला होता. “एकदाही रडला नाही हो,” रुक्मिणीवहिनी ज्याला त्याला सांगत होत्या. कृष्णरावानं दादाच्या हातावर पाणी सोडलं, इंदूनं नवऱ्याच्या हाताला हात लावला. दादानं पोराला मांडीवर घेऊन त्याची टाळू हुंगली. होम झाला. आमचा बापू त्यांचा झाला.

पंगतीची गडबड सुरू होती. इंदू आणि मी मागच्या ओसरीवर पत्रावळी पुसत बसलो होतो. बापू हळूच आला, कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि तिच्या कानाशी लागला.

“काकू, तुळशीचं लग्न झालं ना?”

“झालं.”

“मी एकदा पण चुकलो नाही. रात्री झोपताना पण नाही.”

“हो रे राजा. जिंकलास तू.”

“मग आता तुला आई म्हणू? घरी कब जायचं?”

इंदूच्या हातातलं फडकं थांबलं. तिनं त्याचे खांदे धरून त्याला माजघराच्या दाराकडे वळवलं. तिथे वहिनी उभ्या होत्या. “म्हण की आई,” ती म्हणाली. “ती बघ, तिथे आहे. जा.”

पोरगं दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिलं. मग त्याला कळलं. इंदूच्या गळ्याला मिठी घालून तो असा रडला, की आतली पंगत गप्प झाली.

वहिनी शब्दाच्या खोट्या नव्हत्या. पांढऱ्याफटक पडून त्यांनी गुरुजींना विचारलं, “परत देता येईल का?” गुरुजींनी मान हलवली. पाणी सोडून झालं होतं. मग वहिनी खाली बसल्या आणि स्वतः रडत त्यांनी इंदूच्या लुगड्यात अडकलेली त्याची बोटं सोडवली.

परतीच्या वाटेवर इंदू गाडीत माझ्या शेजारी बसली होती. धाकटा तिच्या मांडीवर झोपला होता.

“रडला हो वन्सं,” ती म्हणाली. “पण किती उशिरा रडला.”

मी तिचा हात धरला, आणि धार येईपर्यंत आम्ही दोघी रडत राहिलो.