बाराव्या मिनिटाला

“तू त्या तिकडच्या खुर्चीत बस, रोंडा. त्याच्या डोळ्यांसमोर नको,” व्हर्लीन म्हणाली. “आणि काही झालं तरी बोलायचं नाही.”

“बारा वर्षं शाळेत सातवीला शिकवलंय मी. गप्प बसता येतं मला.”

“सातवीला शिकवणाऱ्यांनाच नाही येत,” ती म्हणाली आणि टेबलावरची पेन्सिल उचलून तिने समोरच्या रिकाम्या जागेपुढे ठेवली.

पेन्सिल कायम विद्यार्थ्यापुढे असते. आमच्या लेखन-केंद्राचा तो पहिला नियम. ट्यूटरने विद्यार्थ्याच्या कागदावर एक अक्षर लिहायचं नाही. विचारायचं, त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचं, ऐकायचं. लिहायचं त्याचं त्याने. वेळ तीस मिनिटं. केंद्र म्हणजे कॉलेजच्या ग्रंथालयाच्या तळघरातली एक लांब खोली, पाच टेबलं आणि हिवाळ्यात खोली तापवणारे, सतत खडखडणारे गरम पाण्याचे नळ. नव्या ट्यूटरने आधी महिनाभर जुन्यांचं काम नुसतं बघायचं, अशी इथली रीत आहे. मी दोन आठवड्यांची नवी होते.

पण व्हर्लीनच्या टेबलापाशी मला शिकायला पाठवलेलं नव्हतं. आमची प्रमुख मार्लिस हिने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “पुढच्या सत्रात पाचातली एक जागा जाणार. मुलांना घरबसल्या कॉम्प्युटरवर मदत मिळते, मग तळघरात पाच माणसं कशाला, असं वरच्यांचं म्हणणं आहे. व्हर्लीनबद्दल एक तक्रार आहे, की ती काही करतच नाही, नुसती बसते. तू नवी आहेस, तुझं कोणाशी काही नातं नाही. तिला दोनदा बघ, मिनिटामिनिटाचं लिही. तिसऱ्यांदा मी बघेन आणि ठरवेन.”

व्हर्लीनला हे सगळं माहीत होतं. बावीस वर्षं ती त्याच टेबलाशी बसत होती. नवरा गेलेला, मुलगी दूर ॲरिझोनात. मी ओशाळून तिला म्हणाले होते की हे काम मला अजिबात आवडलेलं नाही, तर ती म्हणाली, “आवडायला कशाला हवंय? नीट कर म्हणजे झालं. मला ही जागा हवी आहे, रोंडा. घरी बसून काय करू? तिथे कोणी चुकीचंसुद्धा लिहीत नाही.”

माझ्या हातातल्या तक्त्यात तीस चौकोन होते, मिनिटाला एक. ट्यूटर बोलली की ‘ट’, विद्यार्थी बोलला की ‘वि’, कोणीच बोललं नाही तर नुसती रेघ. पहिल्या खेपेला नर्सिंगची एक मुलगी आली होती. तिच्या तक्त्यात नऊ रेघा पडल्या. मला तेव्हाच धाकधूक वाटली होती.

दुसऱ्या खेपेला, मंगळवारी दहा वाजता, रॉली कोसिक आला. अठ्ठावन्न वर्षांचा, रुंद खांद्यांचा, कागदाच्या मिलमध्ये एकतीस वर्षं काढलेला. मिल दोन वर्षांपूर्वी बंद पडली. आता तो आमच्या कॉलेजात यंत्रदुरुस्तीचा अभ्यासक्रम करत होता. कामावर जे शिकलात ते लिहून दाखवा, पटलं तर तेवढे विषय माफ, अशी त्या लोकांना सोय आहे. त्यासाठीचा निबंध घेऊन तो आला होता. निबंध एका पानाचाही नव्हता.

“ही कोण?” माझ्याकडे मान उडवत त्याने विचारलं.

“रोंडा. माझं काम बघायला बसलीये. तुझी हरकत असेल तर जाईल,” व्हर्लीन म्हणाली.

“बसू दे. मिलमध्ये माझ्यामागे कायम दोघं-तिघं उभे असायचे, हातात कागद घेऊन. त्यांनीच बंद पाडली मिल.”

व्हर्लीन हसली. मी तक्त्यात ‘वि’ लिहिलं.

त्याने निबंध वाचून दाखवला. यंत्र चालवलं. कागद ओढणारे रूळ बदलले. कागद तुटला की पुन्हा ओवला. नव्या माणसांना सुरक्षितता शिकवली. एवढंच. वाचून झाल्यावर त्याने कागद टेबलावर ठेवला आणि पेन्सिल त्याच्यावर आडवी टाकली.

“शेवटचं वाक्य परत वाच,” व्हर्लीन म्हणाली.

“नव्या माणसांना सुरक्षितता शिकवली.”

“कशी?”

“कशी म्हणजे? हात कुठे घालायचा नाही ते सांगायचं.”

“तुला कोणी सांगितलं होतं?”

रॉलीने खिडकीकडे बघितलं. तळघराची खिडकी ती, बाहेर फक्त जाणाऱ्या-येणाऱ्यांचे बूट दिसतात. मी एक रेघ मारली. मग दुसरी. व्हर्लीन हात मांडीवर ठेवून बसली होती. घड्याळाकडे बघत नव्हती, त्याच्या तोंडाकडेही बघत नव्हती. तिसरी रेघ. नळ खडखडले. चौथी. या रेघा उद्या मार्लिस मोजणार होती. या बाईची जागा माझ्या हातातल्या पेनाने चालली होती आणि बाई मूग गिळून बसली होती. पाचवी रेघ.

“डेनिस म्हणून एक होता,” रॉली म्हणाला आणि थांबला.

सहावी रेघ. त्याने पेन्सिल उचलली, उलटी-सुलटी केली, पुन्हा खाली ठेवली. बारावं मिनिट चालू होतं. आणि मी बोलले.

“तुम्ही असं लिहू शकता,” मी म्हणाले, “की प्रत्यक्ष अनुभवातून धोका आधीच ओळखण्याची दृष्टी मी नव्या कामगारांना दिली.”

काय सांगू, वाक्य सुरेख होतं. रॉलीचा चेहरा एकदम मोकळा झाला. “हां, बरोबर. हेच,” तो म्हणाला. “परत सांगा, बाई.” मी परत सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं, एकेक अक्षर, आणि कागदाची घडी घातली.

व्हर्लीनने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “वाचून दाखव,” ती त्याला म्हणाली. त्याने वाचलं. माझ्या तोंडी जे गुळगुळीत लागलं होतं, ते त्याच्या तोंडी दुसऱ्याचा कोट घातल्यासारखं लागलं.

“हे कोणाचं आहे?” तिने विचारलं.

“या बाईंचं.”

“मग ते राहू दे बाजूला. डेनिसचं काय सांगत होतास?”

“काही नाही. झालं की काम.” तो उठला. “पंधरा मिनिटं उरलीत ना? दुसऱ्या कोणाला दे.”

“गुरुवारी दहाला तुझं नाव लिहून ठेवते,” व्हर्लीन म्हणाली. तो गेला. खिडकीतून आम्हाला त्याचे बूट जाताना दिसले.

मी रडकुंडीला आले होते. सातवीच्या मुलांना बारा वर्षं मी हाताची घडी, तोंडावर बोट करायला लावलं आणि मला बारा मिनिटं ते जमलं नव्हतं. “व्हर्लीन, मला माफ कर,” मी म्हणाले. “मी हा तक्ता दुरुस्त करते. रेघा खोडून ‘ट’ लिहिते. तू समजावून सांगत होतीस असं लिहिते. कोणाला कळणार आहे?”

“मला कळेल,” ती म्हणाली. “काही खोडू नकोस.”

“अगं, तुझी जागा जाईल.”

“जाईल कदाचित.” ती आपला स्वेटर घालत होती, एक बाही उलटी झाली होती, ती तिने शांतपणे सरळ केली. “जे झालं ते लिही. तू बोललीस तेही.”

त्या क्षणी मला तिचा थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू? मी तिला वाचवायला निघाले होते आणि ती मलाच अडकवत होती. मीही नवीच होते, महिनाभराच्या बोलीवर घेतलेली. पण घरी जाऊन मी तक्ता पुरा केला. सहा रेघा तशाच ठेवल्या. खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं: बाराव्या मिनिटाला विद्यार्थी स्वतःहून काही सांगू लागला होता. निरीक्षक मध्ये बोलली. त्यानंतर त्याने सांगितलं नाही. चूक निरीक्षकाची.

मार्लिसने तो शेरा दोनदा वाचला. “तुझीही परीक्षाच चालू आहे, लक्षात आहे ना?” ती म्हणाली.

“आहे.”

“मग हे कशाला लिहिलंस?”

“कारण त्याआधीच्या सहा मिनिटांत ती काहीतरी करत होती. काय ते मला तेव्हा कळलं नाही. मी मोडल्यावर कळलं.”

 मार्लिसने तक्ता खणात टाकला. चांगलं की वाईट, मला काही अंदाज येईना.

गुरुवारी दहा वाजता व्हर्लीन टेबलापाशी बसली. रॉली आला नाही. साडेदहापर्यंत ती बसून राहिली, दुसऱ्या कोणाला घेतलं नाही. मार्लिस काचेपलीकडून दोनदा बघून गेली. मला जमीन दुभंगावी असं वाटत होतं. पुढच्या मंगळवारी दहाला व्हर्लीनने पुन्हा त्याचंच नाव लिहिलं, आणि मार्लिसने नेमकी तीच वेळ तिसऱ्या खेपेसाठी निवडली.

“दुसरं कोणी घे,” मी व्हर्लीनला विनवलं. “ती मुलगी घे, नर्सिंगची. ती निदान वेळेवर येते.”

“दहाची वेळ रॉलीची आहे,” ती म्हणाली.

मंगळवारी दहाला पाच कमी असताना खिडकीत ते बूट दिसले. मी आयुष्यात कोणाच्या बुटांकडे इतक्या मायेने बघितलेलं नाही. रॉली आत आला, त्याने मार्लिसकडे आणि माझ्याकडे बघितलं.

“आज दोघी? पुढच्या वेळी बँड आणा.”

“जाऊ देत का त्यांना?” व्हर्लीनने विचारलं.

“राहू देत.” तो बसला. “गुरुवारी यायला जमलं नाही. म्हणजे बुधवारी आम्ही पत्ते खेळतो, तेव्हा त्याला विचारणार होतो, पण तोंडातून शब्द निघेना. रविवारी चर्च सुटल्यावर विचारलं. डेनिसला. त्याचं आहे ते, त्याला विचारल्याशिवाय मी कसं लिहू?”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, लिही, पण बोटं डाव्या हाताची होती तेवढं नीट लिही. सगळे उजवा सांगतात.”

त्याने खिशातून कागद काढले. चार पानं होती, दोन्ही बाजूंनी भरलेली. तो वाचू लागला. डेनिस गोदामातून त्याच्या यंत्रावर आला, त्याला रॉलीनेच शिकवलं. तुटलेला कागद रुळांमधून ओवताना तो हातातून किती अंतरावर सोडायचा, हे रॉलीला पिढीजात माहीत होतं, त्याच्या बापाने दाखवलेलं. दाखवलं म्हणजे कळलं, असं तो धरून चालला. तोंडाने कधी सांगितलंच नाही. तिसऱ्या आठवड्यात डेनिसचा हात...

इथे रॉली थांबला.

कागद हातात, डोळे कागदावर, ओठ मिटलेले. खोलीत नळांखेरीज आवाज नव्हता. व्हर्लीन मांडीवर हात ठेवून बसली होती. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. माझ्या शेजारी मार्लिस पुढे सरकली. तिने श्वास घेतलेला मला ऐकू आला. ती चांगली बाई आहे; त्या माणसाला सोडवायलाच ती निघाली होती, जशी मी निघाले होते.

मी तिच्या मनगटावर हात ठेवला. माझ्या प्रमुखाच्या. तिने चमकून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली: नको.

ती मागे टेकली. आणखी किती मिनिटं गेली कोण जाणे, मी मोजणं सोडून दिलं होतं.

“दोन बोटं गेली,” रॉली म्हणाला. कागदात बघून नाही. “दोरी मी ओढली, यंत्र मी थांबवलं, पण गेली. मग मी सहा महिने घरी बसून लिहून काढलं. कुठे उभं राहायचं, हात कुठे, नजर कुठे, सोडायचं कधी. एका पुठ्ठ्यावर. ते पुढे सगळ्या यंत्रांवर लावलं त्यांनी. त्यानंतर अठरा वर्षांत कोणाचं नख गेलं नाही. ते मी निबंधात घातलं नव्हतं, कारण त्याची मला शाबासकी नकोय. डेनिस म्हणतो, घाल गाढवा, माझी बोटं फुकट घालवतोस का?”

व्हर्लीनने पेन्सिल त्याच्या बाजूला जराशी सरकवली. “आत्ता जे बोललास ते लिही. बोललास तसंच.”

तो लिहू लागला. वाकून, ओठ हलवत, मुलांसारखं. वेळ संपून गेली होती, कोणी सांगितलं नाही. मार्लिसने तक्ता मांडीवर उलटा ठेवला होता. तिच्याकडे मी नीट बघितलं नाही, कारण माझेच डोळे भरले होते.

रॉलीला त्या निबंधावर तीन विषय माफ झाले; उरलेल्यांचे निबंध त्याला पुढच्या सत्रात लिहायचे होते. व्हर्लीनची जागा राहिली. पाचवं टेबल मात्र गेलं. तिथला ट्यूटर स्वतःहून दुसऱ्या नोकरीला निघून गेला आणि वरच्यांनी ते भरलं नाही. मलाही ठेवून घेतलं. मार्लिसने मला बोलावून एवढंच सांगितलं, “माझा हात धरलास त्याबद्दल आभार. परत धरू नकोस.”

नव्या सत्राच्या आदल्या दिवशी व्हर्लीन फळ्यावर वेळापत्रक लिहीत होती. आपल्या वेळा लिहून झाल्या, मग तिने माझं नाव लिहिलं. या खोलीत फळ्यावर माझं नाव पहिल्यांदाच येत होतं. मी बघत उभी राहिले. मंगळवार, दहा वाजता: रोंडा. त्याच्यापुढे तिने विद्यार्थ्याचं नाव लिहिलं: रॉली कोसिक.

“अगं, तो तुझा आहे,” मी म्हणाले. “आणि माझ्यामुळे त्याचं सगळं बिनसलं होतं. त्याला मी कशी चालेन?”

व्हर्लीनने हातावरचा खडू झटकला.

“विचारलं मी त्याला,” ती म्हणाली. “हो म्हणाला.”