निम्मं इकडे, निम्मं तिकडे

शेखर पगारेंनी चार्जिंगला लावलेला मोबाइल ओढून काढला आणि आकडे पुन्हा पाहिले. सौरऊर्जेचे शेअर आणखी खाली आले होते. ते घसरू शकतात, हे त्यांनी धरलेलंच होतं. पण हरित प्रकल्पांना कर्ज देणारे ग्रीन बॉण्डही घसरले होते, सलग पाचव्या दिवशी.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून ते तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते. महिनाअखेर क्वार्टर सोडायचं होतं आणि त्याआधी नाशिक रोडच्या फ्लॅटचे उरलेले बारा लाख भरायचे होते. नाही भरले तर बुकिंग रद्द. मग सामान घेऊन जायचं कुठे? म्हणून तर मोठ्या शहाणपणाने प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे निम्मे शेअरमध्ये आणि निम्मे बॉण्डमध्ये घातले होते. एक पडला तर दुसरा सावरेल, म्हणे!

अहो, ज्या माणसाने तीस वर्षं हाताखालच्या पोरांना दरडावलं, की "दोन पंप एकाच लाइनवर ठेवू नका रे, लाइन गेली की दोन्ही बसतील," त्यानेच हे करावं? हरित म्हणवणाऱ्या धंद्यांवरून लोकांचं मन उडालं, की शेअरही विकतात आणि बॉण्डही. हे आत्ता कळत होतं.

लताबाई वर्तमानपत्रात भांडी गुंडाळत होत्या.

"लता, फ्लॅटचे पैसे पुरत नाहीत. दोन्हीकडे खड्डा पडलाय."

त्या आता आकांडतांडव करणार, असं त्यांना वाटलं. पण लताबाईंनी नुसता तवा खाली ठेवला.

"किती कमी पडतात?"

"तीन लाख."

"मग एवढं काय घाबरता? माझ्याकडे आहेत. भिशीचे, आणि आईच्या पाटल्या मोडल्या त्याचे."

शेखररावांचे डोळे भरून आले.

"कधी बोलली नाहीस."

"सगळंच तुमच्या हातात कशाला द्यायचं? तुमचं काही चुकलंच तर माझे तरी राहावेत, म्हणून शेजारच्या सुनीलभाऊंना सांगून वेगळे टाकले."

"बँकेत ना?"

"बँकेत काय मिळतं?" लताबाई हसल्या आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढून त्यांच्यापुढे धरला. "पवनचक्क्यांच्या कंपन्यांचा फंड आहे. तुमच्यासारखं उन्हाचं नाही काही. बघा ना, आज किती झालेत ते."

शेखररावांना मोबाइल उचलवेना.